गप्प केलेलं चाक

आश्रुबाच्या दुकानाला दुकान म्हणायचं ते केवळ मान राखायचा म्हणून. शिरूर कासारच्या अलीकडच्या फाट्यावर एक बाभळ, बाभळीच्या फांदीला लटकवलेला जुना टायर, चार पत्र्यांचा आडोसा आणि हवा भरायची गंजकी टाकी, एवढाच त्याचा पसारा. पण लांबलांबच्या गावांतली माणसं गाडी ढकलत त्याच्याकडंच यायची. टायर काय, कुणीही बदलतं. बदललेलं चाक गप्प बसवणारा मात्र त्या भागात आश्रुबा एकटा, असं लोक म्हणायचे. त्याला ते फार आवडायचं. पुढं जे झालं त्याची सुरुवात या आवडण्यातच होती, असं मला वाटतं.

"चाक आधी बोलतं, मग दगा देतं," तो गिऱ्हाइकाला बजावायचा. "हँडल थरथरलं, शीट हादरलं, म्हणजी चाक बोलाया लागलं. तवा मुकाट माझ्याकडं यायचं."

मूळचा तो ऊसतोड्या. आईच्या कडेवर बसून कारखान्यांची गावं पाहिलेला. मुक्ताबाईशी त्याचं लग्न झालं तेही हंगामाच्या तोंडावर, घाईघाईनं, कारण टोळीत एकट्या माणसाला कुणी धरत नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम कोयते मोजतो. सहकारी कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या असत, सगळ्या रबरी टायरच्या. दिवसभर ऊस तोडून बाकीचे आडवे व्हायचे, तेव्हा आश्रुबा तिथल्या पंक्चरवाल्या म्हाताऱ्याशेजारी बसून टायर उचकटायची लोखंडी टॉमी कशी घालायची, टायरची कड कशी उचलायची, हे शिकून घ्यायचा.

एका वर्षी टोळी ट्रकमधून निघाली. आश्रुबाचा धाकटा भाऊ म्हाळू बोचक्यांच्या ढिगावर सगळ्यांत वर बसून चालला होता. घाटाच्या उतारावर पुढचा टायर फुटला आणि ट्रक कलंडला. आश्रुबा आणि मुक्ताबाई खरचटण्यावर वाचली. म्हाळू वाचला नाही. त्या दिवशी आश्रुबानं दोन गोष्टी ठरवल्या. एक, आता कोयता हातात धरायचा नाही. दुसरी, आपल्या घरातलं कुणी टोळीच्या ट्रकात बसणार नाही. तेव्हा सिंधू, त्याची एकुलती एक लेक, पाळण्यात होती.

कोयते मात्र त्यानं टाकून दिले नाहीत. आपला आणि मुक्ताबाईचा, असे दोन्ही कोयते त्यानं लाकडाच्या ठोकळ्यांत पाठ वर करून रोवले आणि समोरासमोर ठेवले. त्या दोन पाठींवर चाकाचा एक्सल आडवा टेकवायचा आणि चाक हळूच सोडून द्यायचं. जी बाजू जड ती डुलत डुलत खाली येते. मग वरच्या बाजूला खडूची खूण करायची, तिथल्या स्पोकला थोडं वजन बांधायचं आणि पुन्हा सोडायचं. कुठंही थांबवलं तरी चाक तिथंच थांबलं की झालं काम. शहरात यासाठी मशीन असतं म्हणे. आश्रुबाकडं मुक्ताबाईचा कोयता होता.

वजन म्हणून तो शिसं वापरायचा, आणि ते मिळायची मोठी पंचाईत होती. मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. तिकडं गेवराईच्या बाजूला गोदावरीत नुसती वाळू उरली. नदीकाठच्या एका मच्छीमार सोसायटीला जाळी टाकायला पाणीच राहिलं नाही, तेव्हा सभासदांनी जाळी विकायला काढली. जाळ्यांच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गुंड्या एका भंगारवाल्यानं आश्रुबाला आणून दिल्या, त्याच्या गाडीच्या दोन्ही चाकांच्या कामाच्या बदल्यात. आश्रुबा घबाड हाती लागल्यासारखा खूश झाला. मुक्ताबाईनं पोत्यात डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"कावून आणलं हे घरात? ज्या नदीत पाणी न्हाई तिचं वजन आमाला कशाला?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" आश्रुबा म्हणाला. बायकोच्या बोलण्याला त्याचं हे ठरलेलं उत्तर होतं.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी राधाकिशन गाडी ओढत आला. राधाकिशन म्हणजे दूध सोसायटीचा दूध वाहणारा. आजूबाजूच्या गावांचं दूध कॅनमध्ये भरून, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी अडकवून तो शीतकरण केंद्रावर पोचवायचा. मागच्या टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, धारदार दगड घुसला होता. बोट आत जाईल एवढी चीर. वरची नक्षी चांगली शाबूत होती, पण कुशीत चिरलेला टायर म्हणजे संपलेला टायर.

"फेकून दे," आश्रुबा म्हणाला.

"आन दूध डोक्यावर नेऊ का बे? कॅन उन्हात उभे हायेत. नासलं तर समद्या गावाचं दूध वापस येईल. आधीच चारा न्हाई म्हणून जनावरं आटत चाललीत. कायतरी कर."

गरिबाच्या धंद्यात 'कायतरी' नावाचा एक इलाज असतोच. जुन्या टायरचा जाड तुकडा कापायचा, कडा तासायच्या आणि चिरेच्या आतून ट्यूबला आधार म्हणून चिकटवायचा. त्याला गेटर म्हणतात. आश्रुबानं तो बसवला. पण एका अंगाला वजन वाढलं आणि चाक उड्या मारू लागलं. राधाकिशन एक चक्कर मारून परत आला, तो कपाळाला हात लावूनच. दुष्काळात कॅन अर्धेच भरायचे, आणि अर्ध्या कॅनमधलं दूध हादऱ्यानं घुसळून निघतं. केंद्रावर पोचेपर्यंत लोणी तरंगायला लागणार, फॅट लागणार नाही, दूध परत.

मग आश्रुबानं चाक कोयत्यांवर चढवलं. तुकड्याच्या बरोबर समोरच्या स्पोकांवर गोदावरीच्या गुंड्या ठोकून दाबल्या. एक काढली, दुसरी बसवली, पुन्हा चाक सोडलं. शेवटी ते असं थांबलं की वाऱ्यानंसुद्धा हलेना. राधाकिशननं गाडी पळवून आणली आणि उतरायच्या आधीच हसला.

"नव्या टायरला हार जाणार न्हाई!"

"हसू नको. केंद्रापर्यंत जायला दिलंय. चार-दोन दिसांत टायर बदल. ध्यानात ठेव."

"ठेवतो की."

नाही ठेवलं. का ठेवावं? चाक थडथडत असतं तर रोज आठवण झाली असती. ते गप्प होतं, आणि राधाकिशनच्या डोक्यावर इतर कटकटी थोड्या नव्हत्या. आखाडापर्यंत दूध इतकं घटलं की सोसायटीनं संकलनच बंद केलं. त्याची म्हैस चारा छावणीत गेली, गाडी छपरात उभी राहिली. पोळा झाल्यावर त्यानं कॅन अडकवायचे सांगाडे काढून टाकले आणि गाडी गेवराईच्या बाजारात दलालाच्या हवाली केली.

इकडं आश्रुबाच्या घरात वेगळीच काळजी शिजत होती. सिंधूचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जावई शहादेव जवळच्याच वस्तीवरचा, कामाचा, कमी बोलणारा. त्यांची कपाशी गुडघ्याएवढी होऊन वाळली, विहिरीत टँकरचं पाणी ओतायची पाळी आली, आणि एके दिवशी शहादेव मान खाली घालून सासऱ्यापुढं बसला.

"मामा, औंदा कोयता घ्यावा लागतोय. दुसरा विलाज न्हाई."

 आश्रुबानं लेकीला टायरांच्या ढिगात वाढवलं होतं, उसाच्या फडात नाही. पण घरात बसा म्हणायला तो त्यांना खाऊ काय घालणार होता?

"जावा," तो म्हणाला. "पर ट्रकात बसायचं न्हाई. ट्रॅक्टरात बी न्हाई. म्हाळू गेला तेवढा लई झाला."

"न्हाईच बसणार," आतून सिंधू म्हणाली. "ह्यांनी गाडी बघून ठेवलीय."

ती गाडी गेवराईच्या बाजारातली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शहादेव ती घेऊन फाट्यावर आला. टोळी दुसऱ्या दिवशी पहाटे हलणार होती. गाडी नवरदेवासारखी सजवलेली. स्पोकांना लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या गच्च गुंडाळलेल्या, वर झेंडूची माळ. दसऱ्याला गाडी धुवून पुजायची रीत, पण धुवायला पाणी कुठलं? शहादेवनं जळक्या ऑइलच्या फडक्यानं सगळी गाडी पुसून काढली होती. टायरसुद्धा. दोन्ही टायर काळे कुळकुळीत चकाकत होते. ऑइलनं रबर सडतं हे आश्रुबा एरवी गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचा. जावयाला ओरडवेना. सणाचा दिवस नुकताच सरलेला, आणि पोरानं एवढ्या हौसेनं केलेलं.

"पुढचं टायर गुळगुळीत हाय, मामा. मागचं झाक हाय."

आश्रुबानं पुढचं चाक काढलं. नवा टायर घेण्याची कुणाचीच ऐपत नव्हती, म्हणून त्यानं ढिगातला सगळ्यांत चांगला जुना टायर निवडला. तो उन्हात धरला, उलटा वाकवून पाहिला, आतून तळहात फिरवला. कुठं तार उघडी पडलीय का, फोड आहे का, वीत वीत चाचपलं. मुक्ताबाईनं राखून ठेवलेलं साबणाचं पाणी घमेल्यातून वाटीभर घेतलं, कडांना चोळलं, आणि टॉमीनं टायर असा अलगद चढवला की ट्यूबला ओरखडा उठला नाही. मग चाक कोयत्यांवर. सिंधू लहानपणासारखी शेजारी उकिडवी बसून होती. खडूची खूण तिनंच केली, शिसंही तिनंच दाबलं.

"हिला दुकानावर बसवायला पायजे व्हतं," आश्रुबा मुक्ताबाईला म्हणाला. 

मग तो स्वतः गाडीवर बसून रस्त्यानं फिरून आला. मागच्या चाकासाठीच त्यानं ती चक्कर मारली. कान देऊन, कंबर सैल सोडून, हादरा शोधत. हादरा नव्हता. इतकं शांत मागचं चाक त्यानं फार दिवसांत अनुभवलं नव्हतं.

"कुणीतरी लई चांगलं बसवलंय," तो उतरून म्हणाला. "ह्याला हात लावू नगा."

माणसाला स्वतःचं काम ओळखता येऊ नये, हे अजबच. पण कॅनचे सांगाडे निघालेले, पट्ट्यांखाली शिसं झाकलेलं, ऑइलखाली चीर बुजलेली, आणि समोर निघायची घाई. त्यानं चाक काढलं नाही. निघताना त्यानं सिंधूच्या पिशवीत पान्हे, एक टॉमी आणि मूठभर शिशाच्या गुंड्या टाकल्या. वाटेत चाक बोललं तर असाव्यात म्हणून.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास ती दोघं गेली. मागं गाठोडं, पिठाची पिशवी, भांडी, ताडपत्री, दोन कोयते आणि या सगळ्याच्या पुढं, नवऱ्याला धरून बसलेली सिंधू. मागचा टायर ओझ्यानं जरा दबला. मुक्ताबाईनं दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. धुरळा बसेपर्यंत आश्रुबा रस्त्यात उभा होता.

ऊन तापलं तशी मुक्ताबाई घागरी घेऊन टँकरच्या रांगेला गेली. त्यानंतर राधाकिशन सायकल ढकलत आला. आश्रुबा ट्यूब काढत होता, तेव्हा तो आपणहून बोलू लागला.

"मजाच झाली म्हणायची. सकाळी तुझा जावई माझ्या म्होरून गेला. टाकीवरचा पोचा बघितला आन वळखलं. माझीच गाडी की ती! बाजारात सोडली ती फिरून तुझ्याच घरात."

आश्रुबाच्या हातातली टॉमी तशीच राहिली. "कोन्ती गाडी?"

"दुधाची बे. दुसरी कोन्ती? आन तुझा तो तुकडा बघ, अजून टिकलाय! मी तर टायर बदललंच न्हाई. इतकं झाक चालत व्हतं, कावून बदलू?"

  आश्रुबाच्या डोळ्यांपुढं तो टायर आतून दिसायला लागला. ओझ्यानं रुंदावणारी चीर, उन्हानं तापून सुटत चाललेला तुकडा, ऑइलनं मऊ पडलेलं रबर, आणि त्यावर बसलेली आपली पोर. आणि या सगळ्याचा हँडलमध्ये जरासुद्धा पत्ता लागू नये, अशी सोय करून ठेवणारा तो स्वतः.

त्यानं शहादेवला फोन लावला. बंद. बॅटरी पुरवायची म्हणून ती दोघं फोन बंदच ठेवणार होती, जाताना तसं सांगूनच गेली होती. त्यानं मुकादमाला लावला. ट्रॅक्टरच्या गोंगाटात मुकादम ओरडला, "गाडीवाले त्यांच्या त्यांच्या वाटंनं येतेत. कारखान्यावर पोचले की सांगतो."

राधाकिशननं सायकल तशीच आडवी टाकली. "आपुन मागं जाऊ. कुणाची बी गाडी घेऊ."

"कोन्त्या वाटंनं?" आश्रुबा म्हणाला. "पाथर्डीकडून गेले का कड्याकडून, कुणाला ठाव?"

तरी त्यानं एका ओळखीच्या पोराची गाडी थांबवली आणि मागं बसून पाथर्डीच्या रस्त्याला लागला. वाटेतल्या प्रत्येक पंक्चरवाल्याला, टपरीवाल्याला विचारलं. लाल-पिवळ्या पट्ट्यांची गाडी, झेंडूची माळ, नवराबायको. कुणी म्हणालं गेली असेल, कुणी म्हणालं अशा सकाळपासून पुष्कळ गेल्या. खरंच पुष्कळ गेल्या होत्या. सगळा तालुकाच बोचकी बांधून पश्चिमेला निघाला होता, आणि त्यातल्या कित्येक चाकांवर आश्रुबाचे हात फिरलेले होते. प्रत्येक वळणावर तो आधी रस्त्याच्या कडेला बघायचा, मग समोर. दिवस कलता झाला तसं त्या पोरानं गाडी थांबवून टाकीतलं पेट्रोल संपत आल्याचं दाखवलं. ते माघारी फिरले.

फाट्यावर उतरला तेव्हा दुकानामागच्या घरात मुक्ताबाई चूल पेटवत होती. तो कुठं गेला होता हे तिनं विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं. टायरचं नाव काढलं नाही. तो कोयत्यांच्या ठोकळ्यांपुढं जाऊन बसला. चाक आधी बोलतं, मग दगा देतं, हे आपण आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आणि त्याचं तोंड दाबायचं काम अभिमानानं करत आलो. हे त्याच्या मनात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. मग त्यानं एकच आशा धरली. शिसं निसटावं. ठोकून बसवलेली एखादी गुंडी वाटेत गळून पडावी, चाक थडथडावं, शहादेव घाबरावा आणि थांबावा. आपलं काम कच्चं निघावं अशी प्रार्थना त्यानं जन्मात पहिल्यांदा केली.

तेवढ्यात फोन वाजला.

"आबा! मी सिंधू. आमी नगरच्या म्होरं आलोत."

आवाजाभोवती वारा घोंघावत होता. ती चालत्या गाडीवरून बोलत होती. आश्रुबा उभाच राहिला, पण तो तोंड उघडायच्या आत ती पुढं बोलत होती, खुशीत, लहानपणी बोलायची तशी.

"आबा, मजा आयका. मागलं चाक बोलाया लागलतं. थड थड थड थड. पट्टी सुटून एक शिसं गळून पडलतं बगा. हे म्हणले, भ्या वाटतंय, ऱ्हाऊ दे, इथंच मुक्काम करू, सकाळी टायर उघडून बघू. मी म्हणलं, मी कुणाची लेक हाय? दगडात दोन्ही कोयते रोवले, चाक काढलं, त्याच्यावर ठिवलं. जड बाजू खाली आली. तुमी दिलेलं शिसं वरल्या अंगाला दाबलं. आता कसं गप झालंय! तुमी बसवल्यागत."

"सिंधे, थांब! गाडी थांबव! त्या टायरात..."

"काय? वारं लई हाय, आबा, काय बी आयकू येईना. आता म्होरं उतार लागलाय, गाडी पळतीय. पोचल्यावर लावते."

"सिंधे!"

फोन बंद व्हायच्या आधी क्षणभर तिचं बोलणं थांबलं आणि मागचा गाडीचा आवाज आश्रुबाला नीट ऐकू आला. त्यानं कान लावला. इंजिन एकसारखं चाललं होतं. चाकाचा काहीच आवाज नव्हता.

त्यानं परत लावला. बंद. परत लावला. तिनं बॅटरी राखायला लगेच बंद केला होता.

मुक्ताबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"सिंधीचा फोन व्हता ना? काय म्हणली वो?"

आश्रुबानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या त्या जुन्या कोयत्याकडं.

"चाक गप हाय म्हणली."

"मग बरंच झालं की," मुक्ताबाई म्हणाली, आणि निवांत मनानं भाकरी थापायला आत गेली.